'दऱ्या' सापडेना: जुने बग निस्तरताना

मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्या चालवणाऱ्या एका मुक्त (ओपन सोर्स) टेक्स्ट एडिटरसाठी मी बेळगावात बसून फावल्या वेळात काम करते. कोड लिहायला माणसं मिळतात, वापरणाऱ्यांनी कळवलेल्या बगांचे, म्हणजे चुकांचे, जुने रिपोर्ट उघडायला मिळत नाहीत. आमचे कित्येक रिपोर्ट वर्षानुवर्षं बिनउत्तराचे पडून होते. एकानं सुचवलं, बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) लावू, सहा महिने हालचाल नसेल ते आपोआप बंद. मी ठाम नाही म्हटलं. रिपोर्ट जुना झाला म्हणून बग जात नाही. ज्यानं वेळ काढून लिहिलं, त्याला माणसानं उत्तर द्यायला हवं.

सर्वांत जुन्या रिपोर्टपासून सुरुवात केली. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये तक्रारदाराखेरीज दुसऱ्या कोणी पडताळल्यावरच बग पक्का धरतात, तीच पद्धत घेतली. बरेचसे ताज्या व्हर्जनवर दिसलेच नाहीत. तसं लिहून बंद केले. बाकीच्यांना एकेकच नेमका प्रश्न विचारला. 'अधिक तपशील द्या' याला कोणी उत्तर देत नाही, 'कीबोर्ड कोणता?' याला देतात.

वेळ खाल्ला तो खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांच्या रिपोर्टनं. सह्याद्रीवरच्या धड्यात 'दऱ्या' डोळ्यांसमोर दिसतंय, शोधलं तर सापडत नाही. खाली कोणीतरी 'माझ्याकडे चालतंय' एवढंच लिहून गेलेलं. मी कीबोर्ड विचारला, तर सरांनी फाइलच पाठवली. अक्षरं सुटी करून पाहिली. सरांच्या फाइलमध्ये र, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), मग न दिसणारा जोडक, मग या; माझ्या कीबोर्डवरून मात्र नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त आणि या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, शोधणाऱ्या कोडला मात्र वेगळे शब्द. 'वाऱ्यावर' सापडत नाही, 'शोधा आणि बदला'नं 'तऱ्हा' बदलत नाही, असे निरनिराळ्या शीर्षकांचे रिपोर्ट आठवले. सगळ्यांचं मूळ एकच निघालं. ते सरांच्या रिपोर्टला जोडले.

एका नव्या मुलानं पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, दिला: शोधताना जोडक गाळायचा. चाचणीत 'दऱ्या' शोधल्यावर 'दर्या'ही यायला लागला. डोंगर शोधणाऱ्याला समुद्र देऊन कसं चालेल? शिवाय ऱ वापरून टाइप केलेला शब्द तसाच सुटत होता. त्याला सांगितलं, गाळू नकोस, र-हलन्त-जोडक दिसला की ऱ-हलन्त धर. मुलानं आनंदानं पुन्हा लिहिलं, आणि दोन्ही शब्द कायमच्या चाचण्यांत घातले.

हे चालू असताना शेजारची कन्नड मैत्रीण म्हणाली, "अगं, आमच्या 'रँक'चं पण असंच होतंय की!" कन्नडात 'रँक'मधला 'र्‍या' लिहिताना तोच जोडक हलन्ताच्या आधी येतो, त्यामुळे आमचा उपाय तिथं लागू पडत नाही. घाईनं त्यात घुसडण्यापेक्षा तिच्या नावानं वेगळा रिपोर्ट उघडला, फाइल जोडली आणि मीच तो पडताळून पक्का केला.

सरांनी दुरुस्तीसह तयार केलेली नवी बिल्ड (आवृत्ती) तपासून 'सापडलं' लिहिलं, आणि सोबत तक्त्यातल्या मराठी आकड्यांचा आणखी एक बग पाठवला. तो आता यादीत सर्वांत वर आहे.