चोळायचं नाही

पोट्टं पडलं की आजी गुडघा चोळणार, पोट दुखलं की बेंबीभोवती हिंग चोळणार. जुने कंपाउंडर तर सुई काढता काढताच कापसाचा बोळा हातात देत आणि म्हणत, "चोळा जोरात." पोटाच्या कातडीखाली घ्यायच्या इंजेक्शनला मात्र हे चालत नाही, आणि आपला हात काही ऐकत नाही.

मावशीला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं होती. पोटावर जांभळे डाग पाहून धंतोलीतल्या सिस्टरने पहिलाच प्रश्न केला, "चोळता काय?" सुईने एखादी बारीक रक्तवाहिनी फुटतेच. त्यात रक्त गोठायला वेळ लागतो, आणि वरून चोळलं की ते कातडीखाली पसरतं. मग शिकवणी झाली: बेंबीपासून दोन इंच दूर, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. पोटाची घडी चिमटीत धरायची ती सुई बाहेर येईपर्यंत. औषध सावकाश ढकलायचं. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढत बसायचं नाही. शेवटी कापूस नुसता दाबून धरायचा. मावशीला हे सगळं पटलं, शेवटचं सोडून. "नुसतं दाबून इंजेक्शन घेतल्यासारखं वाटतच नाही न!"

बाबांच्या इन्सुलिनची तऱ्हा वेगळी. वापरातलं पेन ३० अंशांच्या आत बाहेर ठेवता येतं, पण आमच्याकडे मे महिन्यात कूलरसमोरसुद्धा ३० अंश कुठून आणायचे? म्हणून ते फ्रिजमध्ये. गार औषध जास्त झोंबतं, तेव्हा पेन आधी काढून ठेवायचं आणि तोवर पेपर वाचायचा. स्पिरिट पुसल्यावर ते वाळू द्यायचं, ओलं असताना टोचलं तर आग होते. या बाबतीत नागपूरचा उन्हाळा फार उपयोगी आहे, फुंकर मारायचीही गरज नाही.

भांडण होतं ते सुईवरून. चार मिलिमीटरची ती सुई एकदाच वापरायची असते. पुन्हा वापरली की टोक बोथट होतं, दुखतं. बाबा म्हणतात, "चांगली तर आहे न बे, काऊन फेकायची?" शिवाय त्यांची पोटावरची एक लाडकी जागा आहे, तिथे म्हणे टोचलेलं कळतच नाही. कळणार कसं, तिथे गाठ झाली आहे, आणि गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. शुगर वरखाली झाली की आई इतके दिवस सगळा दोष सांभारवडीला देत होती.