बाबांची गोळी आणि उंदराचं औषध

बाबांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलला तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला रक्त गोठू नये म्हणून एसिट्रॉमची गोळी, चुकवायची नाही. परवा त्यांच्या रिटायर्ड एसटीवाल्यांच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला की रक्त पातळ करायची गोळी म्हणजे उंदीर मारायचं औषध. झालं! चहाचा कप बाजूला सारून मला विचारतात, "काय रे, एवढी केमिस्ट्री शिकलास, हे खरंय का?" हो म्हणावं तर गोळी बंद करतील आणि नाही म्हणावं तर खोटं. तिथे मला धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात असतं, ॲसिनोकुमॅरॉल. त्यातलं ते 'कुमॅर' बघितलं की मला एमएससीची लॅबच आठवते. पेचमनचं, म्हणजे कुमॅरिन बनवायचं, प्रॅक्टिकल ज्यांनी केलंय त्यांना कळेल. रिसॉर्सिनॉल आणि ईएए (इथाइल ॲसिटोॲसिटेट) एकत्र करून बर्फात ठेवलेल्या कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकमध्ये थेंब थेंब सोडायचं, टेम्परेचर दहाच्या वर गेलं की सर मागे येऊन उभे. मग सगळं कुटलेल्या बर्फावर ओतायचं, गाळायचं, वाळवायचं. हातात येते ती मळकट पिवळट पावडर, बघून वाटतं एवढ्यासाठी दुपार घालवली? पण चिमूटभर घेऊन कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकली आणि टेस्ट ट्यूब खिडकीशी धरली की आतून निळा उजेड फुटतो. आमच्या बॅचमधला एक जण तर ती ट्यूब घेऊन पूर्ण डिपार्टमेंट फिरून आला होता. ही रिॲक्शन १८८३ ची आहे आणि तिच्यावरचा जो सविस्तर लेख आम्हाला वाचायला लावायचे तो १९५३ चा, सेठना आणि फडके ह्यांचा. जर्मन नावांच्या गर्दीत फडके बघून उगाच छाती फुगायची.

तर कुमॅरिन म्हणजे काय, बेन्झिनच्या रिंगला चिकटलेली अजून एक सहाची रिंग, तिच्यात एक ऑक्सिजन आणि शेजारच्या कार्बनवर सी डबल बॉन्ड ओ. बस एवढंच, सी९एच६ओ२. १८२० मध्ये टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या बीमधून वेगळं काढलं, १८६८ मध्ये पर्किनने (तोच, मॉव्हचा जांभळा रंगवाला) लॅबमध्ये बनवलं आणि मग अत्तरवाल्यांची चंगळ झाली. वास कापून वाळत टाकलेल्या गवतासारखा, थोडा व्हॅनिलाकडे झुकणारा.

आणि हे साधं कुमॅरिन रक्त पातळ करत नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते. ते लिव्हरला त्रास देऊ शकतं, म्हणून अमेरिकेत १९५४ मध्ये खाण्यात घालायला बंदी आली, आणि बाजारात मिळते त्या जाड सालीच्या कॅशिया दालचिनीत ते बऱ्यापैकी असतं, सिलोनवालीत अगदी कमी. (बाबांचा सकाळचा दालचिनीचा काढा त्याच ग्रुपवरून आलेला, तो मी आधीच बंद केलाय.)

मग रक्ताचं काय? १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात स्वीट क्लोव्हरचा ओलसर, बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं मरायला लागली, साधं शिंग कापलं तरी रक्त थांबेना. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि तो चारा गाडीत टाकून मॅडिसनला बायोकेमिस्ट कार्ल लिंक ह्यांच्या लॅबच्या दारात उभा! पुढे सहा-सात वर्षं राबून त्यांनी शोधलं की बुरशी त्या चाऱ्यातल्या कुमॅरिनच्या चार नंबरच्या कार्बनवर ओएच बसवते आणि असे दोन रेणू मध्ये एक कार्बन घालून जोडले जातात, ते डायकुमॅरॉल. ते लिव्हरला व्हिटॅमिन के परत परत वापरू देत नाही, त्यामुळे रक्त गोठवणारे फॅक्टर तयार होतात पण अर्धवटच. त्यावरून वॉरफरिन बनलं, १९४८ मध्ये उंदरांसाठी विकायला आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. म्हणजे ज्या वर्षी कुमॅरिनला स्वयंपाकघरातून हाकललं त्याच वर्षी त्याचा भाऊ दवाखान्यात शिरला. बाबांची गोळी म्हणजे वॉरफरिनवर एक नायट्रो ग्रुप चिकटवलेला, इतकं जवळचं नातं. हल्ली उंदरांसाठी मिळतो तो ब्रोमाडायोलोनचा केक पण ह्याच खानदानातला.

हे सगळं बाबांना सांगितलं, कागदावर रिंगा काढून. मग म्हटलं अहो, आपल्या बेलफळात पण कुमॅरिनं आहेत, बावचीत पण, कोडावर लावतात ती, तिच्यात शेजारी एक फ्युरानची रिंग असते आणि ते लावून उन्हात बसलं की ते डीएनएला जाऊन चिकटतं, म्हणून जास्त झालं की फोड येतात. आणि तुमच्या वेंगुर्ल्याच्या सुरंगीच्या मुळातून १९६९ मध्ये गोरेगावच्या सिबा ह्या औषध कंपनीच्या रिसर्च सेंटरवाल्यांनी दोन कुमॅरिनं काढली, नाव काय ठेवलं, सुरंगिन ए आणि सुरंगिन बी!

सुरंगी म्हटल्यावर बाबा पहिल्यांदा नीट ऐकायला लागले. आजीच्या अंबाड्यातला सुरंगीच्या फुलांचा वळेसर आठवला असणार.

"म्हणजे सुरंगीत पण उंदराचं औषध?"

"उंदराचं नाही, सुरंगिन बी किड्यांना मारतं. आणि ते मुळात असतं, फुलात नाही."

"मग ह्या गोळीने माणूस का मरत नाही?"

म्हटलं मोजून देतात म्हणून, उंदराला कोणी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट, करायला नेत नाही. तुमचा अडीच ते साडेतीनमध्ये राहिला पाहिजे, गेल्या महिन्यात दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलंत तर पाचच्या वर गेला होता, आणि आधी आईने आठवडाभर पालक-मेथी लावून धरली तेव्हा दोनच्या खाली. दोन्ही वेळा तुम्ही मला सांगितलं नव्हतंत.

ह्यावर काही बोलले नाहीत. सहा वाजले होते, अर्धी गोळी तोडली, पाण्याबरोबर घेतली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर टिक केली. सोमवारच्या चौकोनात आधीच लिहून ठेवलंय, 'रक्त'.