एद्झो: ‘द्झ’चा पेच बराचसा सुटला

एस्पेरांतो या रचलेल्या भाषेतल्या फ्राउलोचा निकाल मागच्या नोंदीत लागला: जर्मन फ्रॉइलाइनवरून (कुमारी) फ्राउलिनो, त्यातला -इन- हा स्त्रीलिंगी प्रत्यय काढला की फ्राउलो, म्हणजे अविवाहित पुरुष. एद्झोचाही रस्ता असाच उलटा. आधी एद्झिनो म्हणजे बायको, मग एद्झो म्हणजे नवरा. भाषा रचणाऱ्या झामेनहॉफने स्वतः बोट दाखवलंय ते जर्मन क्रोनप्रिन्त्सेसिनकडे, युवराजाच्या पत्नीकडे. पण तिथे तुकडा पडतो ‘एस्सिन’. ‘स’चा ‘द्झ’ कुठून झाला? सगळं घोडं इथेच अडलं होतं.

फुंदामेंतो या एस्पेरांतोच्या पायाभूत ग्रंथातला कोश इथे कामाचा नाही. त्यात फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन, पोलिश असे पाचच रकाने, यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) नाहीच. विल्बोर्गच्या व्युत्पत्तिकोशाचे पाच खंड हाताशी असलेले बरे.

यिडिश रेबेत्सिन, म्हणजे रब्बीची बायको, घ्या. ‘रेब’ सुटं केलं की ‘एत्सिन’ उरतं. स्वर जमला, अर्थही जमला. आपल्या ‘मास्तरीण’मध्ये मास्तरची बायको आणि शिकवणारी बाई दोघी येतात; एस्पेरांतोत दोक्तोरिनो (डॉक्टर बाई) वेगळी, दोक्तोरेद्झिनो (डॉक्टरची बायको) वेगळी.

राहिला ‘त्स’चा ‘द्झ’. एत्स ही जागा ‘-पणा’ अर्थाच्या प्रत्ययाने आधीच भरलेली होती! बोना म्हणजे चांगला, बोनेत्सो म्हणजे चांगुलपणा. एत्स आणि एद्झ दोन्ही १८८७च्या पहिल्याच शब्दयादीत आहेत. एत्सिनो ठेवला असता तर तो एत्स + इन असा फुटला असता. म्हणून ‘त्स’ हे व्यंजन घोष (‘द्झ’) केलं, हा तर्क मला पक्का वाटतो.

अशी टक्कर टाळायची झामेनहॉफची सवय -इनमध्ये उघड दिसते. पोलिश राबिनचा (रब्बी) राबेनो झाला, नाहीतर तो राब (लूट) + इन वाचला गेला असता. कामिनचा (शेकोटी) कामेनो, फ्रेंच मातँचा (सकाळ) मातेनो, जार्दँचा (बाग) जार्देनो. सुंदर मालिका आहे ही.

पुढे आल्मेनाउ (‘निदान’) हा शब्द घ्यायचं ठरलं होतं, ते आता मागे. यापुढे कुठलंही मूळ तपासताना पहिली पायरी प्रत्ययांची यादी, भाषांचे रकाने नंतर. कारण माशिनो (यंत्र) अजून छळतोय: माश म्हणजे जाळीचा फासा, तरी तिथे -इन जसंच्या तसं राहिलं. शिवाय वरचे सगळे पुरावे स्वरबदलाचे आहेत. प्रत्ययाशी टक्कर टाळायला व्यंजन बदललेलं दुसरं मूळ कुणाकडे असेल तर आधी ते टाका.