एकट्यापुरतं की सगळ्यांसाठी?

सांगलीत विश्रामबागला माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. विंडोज ११ चा नवा कॉम्प्युटर घेतला, तेव्हा ॲडमिनचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं अकाउंट माझ्याकडे ठेवलं आणि सकाळ-संध्याकाळ कामाला येणाऱ्या दोन मुलींना एकेक साधं अकाउंट दिलं. मग सॉफ्टवेअर टाकताना इन्स्टॉलर विचारायला लागला: फक्त या युजरसाठी की सगळ्यांसाठी? बरेच जण न वाचता नेक्स्ट दाबतात. माझ्या मते इथं मिनिटभर थांबलंच पाहिजे.

प्रिंटरचा ड्रायव्हर आणि टायपिंगचं लिबरऑफिस यांचा निर्णय लगेच झाला. दोन्ही मुलींना रोज लागतं, म्हणून सगळ्यांसाठी. लिबरऑफिस प्रोग्राम फाइल्स या सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये बसतं, एकच प्रत राहते आणि साध्या अकाउंटवरून कुणाला तिथं ढवळाढवळ करता येत नाही. क्रोम ब्राउझरही तसंच टाकलं. त्याला ॲडमिनची परवानगी मिळाली नाही तर ते त्या एकाच युजरच्या ॲपडेटा या खासगी फोल्डरमध्ये बसू शकतं. मग दोन मुलींच्या दोन प्रती आणि दोन वेगळे अपडेट. दुकानात ते नको.

खरा वेळ गेला फाँटांत, आणि मराठी काम करणाऱ्या प्रत्येकानं हे जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०९ आवृत्ती आली, तेव्हापासून फाँट एका युजरपुरताही टाकता येतो. साधं ‘इन्स्टॉल’ दाबलं की तो त्या अकाउंटपुरता राहतो. सकाळी मुक्ता फाँटमध्ये जुळवलेली पत्रिका संध्याकाळच्या मुलीनं उघडली, की तिथं दुसराच फाँट येतो, ओळी सरकतात आणि मुहूर्ताची ओळ पुढच्या पानावर जाते. म्हणून फाँटच्या फाइलवर राइट क्लिक करून ‘सगळ्यांसाठी इन्स्टॉल’ हाच पर्याय घेतला. त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तो मी स्वतः टाकला.

पासवर्डाची आणखी एक गोष्ट. संध्याकाळची मुलगी म्हणाली, “ताई, सॉफ्टवेअर टाकलं, पण दिसतच नाही.” ते एका युजरपुरतं बसणारं होतं. इन्स्टॉलर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं उघडून माझा पासवर्ड दिल्यामुळं ते माझ्या अकाउंटमध्ये जाऊन बसलं होतं! तिथून काढलं, तिच्या लॉगिनमधून साधं डबल क्लिक केलं आणि लगेच दिसलं.

एका युजरपुरतं टाकणं वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. भाचा सुट्टीत पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला येतो. “आत्या, पासवर्ड दे ना,” म्हणाला. मी त्याला वेगळं अकाउंट करून दिलं आणि इन्स्टॉलरमध्ये ॲडमिनचे अधिकार मागणारी खूण काढायला लावली. पायथॉन त्याच्या ॲपडेटामध्ये बसलं, पासवर्ड लागला नाही. त्याला हव्या त्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, तो टाकतो, काढतो. मुलींच्या लिबरऑफिसला किंवा फाँटांना त्याचा धक्का लागत नाही. तो पुढं कॉलेजला पुण्याला गेला, की डेटासकट त्याचं अकाउंट काढेन. त्यासोबत पायथॉनही जाईल. त्याच्या फायली तेवढ्या आधी पेन ड्राइव्हवर घ्यायच्या.