गावी, आजोबांना

सुवर्णमहोत्सवी अंकात माजी विद्यार्थ्यानं काय लिहावं? शाळेच्या हस्तलिखितात अजूनही 'एका पत्रानं आयुष्य बदललं' अशा कथा येतात. त्या लिहिणाऱ्या मुलांसाठीच हे चार शब्द. या कथा बहुधा एकाच जागी फसतात. पत्राचा मजकूर पानभर असतो, पण ते पोचलं कसं याचा विचार नसतो.

रशियन लेखक चेकॉव्हची १८८६ सालची 'वांका' ही कथा वाचा. नऊ वर्षांचा पोरका मुलगा मॉस्कोत चांभाराकडे कामाला आहे. नाताळच्या आदल्या रात्री मालक चर्चला गेल्यावर तो दौत आणि गंजक्या निबाचा टाक काढतो, चुरगळलेला कागद बाकावर पसरतो आणि गुडघे टेकून आजोबांना लिहितो, मला इथून घेऊन जा. एका कोपेकचं पाकीट आदल्या दिवशीच आणून ठेवलेलं. त्यावर पत्ता घालतो 'गावी, आजोबांना'. मग डोकं खाजवून आजोबांचं नाव वाढवतो. गावाचं नाव नाहीच! पत्र पेटीत पडतं, पोरगा सुखानं झोपतो. पत्र पोचणार नाही हे चेकॉव्ह कुठंही सांगत नाही. पत्त्याची ती ओळ वाचूनच गलबलून येतं.

धूमकेतूंच्या 'पोस्ट ऑफिस' या गुजराती कथेत पत्ता बरोबर आहे, वेळ चुकते. म्हातारा अली लेकीच्या पत्रासाठी वर्षानुवर्षं पोस्टात येऊन बसतो. पत्र येतं तेव्हा तो या जगात नसतो. बदलतो तो पोस्टमास्तर, कारण आता त्याचीच मुलगी आजारी आहे आणि तोही पत्राची वाट बघतोय. पाकिटावर नाव एकाचं, उलथापालथ दुसऱ्याच्या आयुष्यात. मला ही रचना फार मोलाची वाटते.

तेव्हा आधी साल ठरवा. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. एका वडगावचं पत्र दुसऱ्या वडगावला गेलं असं दाखवायचं असेल, तर त्याआधीचा काळ जास्त पटतो. गुपित असेल तर पाकीटच हवं. कार्ड वाटेत कुणीही वाचतं. तिकीट कमी पडलं की पत्र 'बेरंग', म्हणजे अपुऱ्या तिकिटाचं ठरतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात. घरात तेवढे सुटे नसले तर काय होईल, इथंच एक कथा आहे. उशीर शब्दांत सांगू नका. पाठवणाऱ्या आणि वाटणाऱ्या पोस्टाचे दोन शिक्के, दोन तारखा दाखवा. आणि मृत्यूची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडलेला असू द्या. पोस्टमन दारात उभा असतानाच घरातल्यांना तो फाटका कोपरा दिसतो, अजून अक्षरही वाचलेलं नसतं.