पहिल्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट

न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात मी प्रीमेड विद्यार्थ्यांची सल्लागार म्हणून काम करते. अमेरिकेत मेडिकलला जायचं तर सहसा आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, मग एमकॅटची परीक्षा, मग अर्ज. एमकॅटला ५२८ पैकी कितीही मिळवा, त्या एका आकड्यावर प्रवेश ठरत नाही. पदवीच्या काळातला प्रत्येक विषय, प्रत्येक ग्रेड अर्जात जाते. बहुतेक मेडिकल कॉलेजांचे अर्ज ज्या 'ॲमकॅस' या सामाईक अर्जसेवेमार्फत जातात, तिथे मे महिन्याच्या सुरुवातीला फॉर्म भरायला घेता येतो. त्यामुळे एप्रिलमध्ये माझ्या ऑफिसबाहेरच्या खुर्च्या रिकाम्या नसतात.

अशाच एका एप्रिलमध्ये तो आला, आणि सोबत आई. इथे विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला किंवा कॉलेजात गेला की १९७४ च्या फेर्पा कायद्याप्रमाणे त्याच्या ग्रेड त्याच्या लेखी परवानगीशिवाय आई-वडिलांनाही सहसा सांगता येत नाहीत. म्हणून आधी त्याच्याकडून परवानगीच्या कागदावर सही घेतली. आईंनी दारावरचं माझं आडनाव वाचलं होतं. बसल्या बसल्या म्हणाल्या, "तुम्ही मराठीच ना? मग मोकळेपणाने विचारते. ते पहिलं कॉलेज फॉर्ममध्ये लिहायलाच हवं का?"

मला त्या पहिल्या कॉलेजबद्दल काहीच माहीत नव्हतं. माझ्यासमोरच्या फाइलीत एक कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज होतं, त्यानंतर आमचं विद्यापीठ, आणि ४ पैकी ३.८ जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी. कुणीही कौतुकच करावं अशी फाइल.

मुलाने बॅगेतून एक छापील पान काढून टेबलावर ठेवलं, पहिल्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक. अठराव्या वर्षी तो दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात, होस्टेलवर राहायला गेला होता. पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री एफ, कॅल्क्युलस एफ, बायॉलॉजी डी, इंग्लिश सी. पुढच्या सेमिस्टरला सगळ्या विषयांपुढे डब्ल्यू, म्हणजे मध्येच सोडले. मधल्या काळात ॲकॅडेमिक प्रोबेशन, म्हणजे कमी ग्रेडमुळे कॉलेजच्या देखरेखीखाली. तो खोलीबाहेर पडेनासा झाला होता, दिवसभर झोपून असायचा, आणि घरी फोनवर सगळं छान चाललंय म्हणायचा. शेवटी आई-वडील गाडी घेऊन गेले आणि त्याला घरी घेऊन आले. सांगलीच्या नातेवाइकांना, इथल्या मंडळातल्या लोकांना सांगितलं, ट्रान्सफर घेतली.

आईंचं म्हणणं असं की ते वर्ष कुणाच्या उपयोगाचं नाही. तिथलं एकही क्रेडिट (विषय मोजायचं एकक) पुढे वापरलेलं नाही. केमिस्ट्री, बायॉलॉजी, कॅल्क्युलस सगळं त्याने पुन्हा केलं आणि चांगलं केलं. मग ते उकरून काढायचं कशाला?

मी त्यांना नियम सांगितला. बारावीनंतर जिथे जिथे नाव नोंदवलं, ते प्रत्येक कॉलेज ॲमकॅसच्या अर्जात लिहावं लागतं. क्रेडिट मिळालं असो वा नसो, कोर्स मध्येच सोडला असो, हायस्कूलमध्ये असताना उन्हाळ्यात एखादा कॉलेजचा विषय घेतला असो. आणि पकडलं जाण्याची भीती पोकळ नाही. कॉलेजं आपल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस या देशभरच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला पाठवतात. त्याने त्या वर्षी सरकारी कर्ज घेतलं होतं, त्याची नोंद वेगळीच. लपवलेलं उघड झालं तर चौकशी होते, तिचा अहवाल अर्ज केलेल्या सगळ्या कॉलेजांना जातो. मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

मग आम्ही आकडे मांडले, कारण घाबरायचं तर नेमकं कशाला ते कळायला हवं. त्याचे आत्तापर्यंतचे १२४ क्रेडिट, ३.८ ने. त्यात पहिल्या कॉलेजचे जुने १५ मिळवले की एकूण जीपीए ३.४६ वर येतो. विज्ञान आणि गणिताचा जीपीए ॲमकॅस वेगळा काढतं. पुन्हा केलेल्या विषयाची जुनी ग्रेड तिथे पुसली जात नाही, दोन्ही धरल्या जातात. तो ३.७५ वरून थेट ३.११ वर आला. आई कॅल्क्युलेटरकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एका सेमिस्टरचं एवढं?" हो, एवढं. मला या पद्धतीबद्दल स्वतःचं मत आहे. अठरा वर्षांच्या आजारी मुलाचे चार महिने इतकी वर्षं त्याच्या मागे लागावेत हे मला कठोर वाटतं, आणि मी ते त्यांच्यासमोर बोलून दाखवलं. पण पद्धत कठोर आहे म्हणून फॉर्मवर खोटं लिहायला मी कुणालाही मदत करणार नाही, हेही त्याच दमात सांगितलं.

खरी अडचण पुढेच होती. मी विचारलं, "आमच्या विद्यापीठात आलास तेव्हा हे कॉलेज लिहिलं होतंस?" तो गप्प. कम्युनिटी कॉलेजात कुणी विचारलं नव्हतं, पण आमच्या प्रवेश अर्जात 'आधी शिकलेली सर्व कॉलेजं' हा रकाना होता आणि त्याने एकच नाव भरलं होतं. म्हणजे आधी आमच्याच रजिस्ट्रारकडे जाऊन दुरुस्ती करायला हवी होती. ॲमकॅसकडे एक आणि आमच्याकडे दुसरं, असं चालणार नव्हतं.

"काढून टाकतील का त्याला?" आईंनी विचारलं. डिग्री हातात पडायला काही आठवडे राहिलेले. मी खरं ते सांगितलं, शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, मी कसलीही हमी देऊ शकत नाही. त्यावर त्या चिडल्या. "तुम्ही आपल्या म्हणून विश्वासाने आलो, आणि तुम्ही त्याला त्यांच्या ताब्यात द्यायला निघालात." त्यांचा राग मला समजत होता. ज्या बाईने मुलाला त्या खोलीतून उचलून आणलं, तिला त्या वर्षाचा कागद पुन्हा कुणाच्या हातात द्यायची भीती वाटणारच.

बोलला तो मुलगाच, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. तो आमच्या भागातल्या स्वयंसेवी ॲम्ब्युलन्स स्क्वॉडवर ईएमटी, म्हणजे तातडीची मदत देणारा आहे, रात्रपाळी करतो. म्हणाला, "आई, मी लोकांच्या घरात जाऊन विचारतो, काय घेतलंत, किती घेतलंत, खरं सांगा. त्यांची मुलं समोर उभी असतात, तरी त्यांना सांगावं लागतं. मी नाही सांगितलं तर मी तिथे कसा उभा राहू?" आईंनी उत्तर दिलं नाही. पण थोड्या वेळाने पर्समधून चष्मा काढून ते ट्रान्सक्रिप्ट वाचायला घेतलं. त्यांनी ते तोवर नीट वाचलेलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी तो रजिस्ट्रारकडे गेला. मी सोबत गेले, पण बोलायचं त्यानेच हे आधी ठरवलं होतं. त्याने निवेदन लिहून दिलं, जुन्या कॉलेजकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवलं. पुढे डीनच्या ऑफिसकडून लेखी ताकीद आली, पण डिग्रीला धक्का लागला नाही. ती ताकीद आणि जुनं प्रोबेशन, दोन्ही ॲमकॅसच्या 'संस्थेने केलेली कारवाई' या प्रश्नाखाली लिहिणं भाग होतं. तिथे खुलाशाला जागा १,३२५ अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. पहिल्या खर्ड्यात त्याने होस्टेल, रूममेट, थंडी, सगळ्यांची नावं घेतली होती. मी ते काढायला लावलं. आजाराचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. काय झालं, मदत कुणाची घेतली, त्यानंतर काय बदललं, आणि आमच्या विद्यापीठात एक कॉलेज लिहायचं टाळलं ते का आणि कसं दुरुस्त केलं, एवढं सरळ लिहायचं. शेवटच्या खर्ड्यात 'मी' हा कर्ता प्रत्येक वाक्यात होता.

त्या वर्षी एमडीच्या (इथली डॉक्टरची नेहमीची पदवी) कॉलेजांकडून त्याला मुलाखतीचं एकही बोलावणं आलं नाही. डीओ ही डॉक्टरचीच दुसरी पदवी देणाऱ्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजांकडून आलं. त्यांचा अर्ज वेगळ्या सेवेमार्फत जातो, पण सगळी ट्रान्सक्रिप्टं तिथेही लागतात आणि २०१७ पासून तिथेही जुनी ग्रेड माफ होत नाही. एका मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्या सेमिस्टरचा होता. तो म्हणाला, उत्तर देताना आवाज कापला, पण अडखळलो नाही. तिथेच प्रवेश मिळाला.

प्रवेशाचं पत्र आल्यावर आईंचा फोन आला. डीओ म्हणजे पूर्ण डॉक्टर ना, शस्त्रक्रिया करता येते ना, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. पन्नासही राज्यांत एमडीइतकाच परवाना, एमडीसारखीच रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, हे मी त्यांना सावकाश सांगितलं. मग त्या म्हणाल्या, सांगलीला मोठ्या जावेला फोन करून सगळं सांगितलं, पहिल्या कॉलेजचंसुद्धा. जावेने विचारलं, पोरगं तेव्हा इतकं आजारी होतं तर आम्हाला का नाही कळवलंस?