तुम्ही विचारलंत म्हणून: गिटार ऐकायला सुरुवात कुठून करू?

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच की क्लासिकल गिटार ऐकायचंय, सुरुवात कुठून करू, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, 'डुएट्स विथ द स्पॅनिश गिटार', १९५८ चा अल्बम. गिटारवर लॉरिंडो अल्मेडा, आवाज सॅली टेरीचा, फ्लूट मार्टिन रुडरमनची. मग आठवड्याभराने तोच माणूस परत येतो, अहो पण यात गिटारवाला पुढे येतच नाही, सगळं ती बाई आणि तो फ्लूटवालाच खाऊन टाकतात! बरोबर आहे, येत नाही. मी ऐकायला सांगतो ते त्याचसाठी.

अल्मेडा मूळचा ब्राझीलचा, १९४७ साली अमेरिकेत गेला आणि स्टॅन केंटनच्या जॅझ ऑर्केस्ट्रात शिरला, म्हणजे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनच्या त्या गदारोळात हा बोटांनी गिटार छेडत बसायचा. इतक्या गोंगाटात राहिल्यावर हळू वाजवण्याची किंमत कळली असणार, असा माझा आपला अंदाज. सॅली टेरी कॅनडात जन्मलेली मेझो-सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजात मधल्या पट्टीची, आणि रॉजर वॅग्नर कोराल या गायकवृंदाची सोलोइस्ट. आवाज भरदार, पण अंगावर येत नाही.

आता मुद्दा. गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून मरायला लागतो. तुम्ही कितीही मोठे वादक असा, तो नंतर वाढवता येत नाही. गाणारीला आणि फ्लूटवाल्याला मात्र येतो, हळू सुरू करून मधेच फुलवायचा, मग परत बारीक करायचा. म्हणजे चार मात्रांचा एक लांब स्वर असेल तर तिसऱ्या मात्रेला ती ऐन भरात असते आणि पहिल्या मात्रेला टाकलेला तुमचा बास, म्हणजे खालचा जाड स्वर, तोवर अर्धा विरलेला असतो, मग खालून परत काहीतरी घालावं लागतं, कधी घालायचं आणि किती जोरात, यातच सगळी साथ आली. जोरात घातलं तर तिचा स्वर तुटल्यासारखा वाटतो, नाही घातलं तर ती बिचारी हवेत लोंबकळते.

फ्लूटबरोबर जागेचं भांडण तसं कमी. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, फ्लूटचा सगळ्यात खालचा स्वर साधारण २६२, त्यामुळे फ्लूट बहुतेक वेळ वरच्या मजल्यावरच असते. आवाजाचं तसं नाही. मेझो खाली उतरली की ती थेट गिटारच्या तिसऱ्या-दुसऱ्या तारेच्या गल्लीत येते, १९६ आणि २४७ हर्ट्झच्या आसपास, आणि तिथे तुम्ही भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले बरेच स्वर, वाजवत बसलात तर तिचे शब्द गेलेच म्हणून समजा. तिथे मधले स्वर गाळायचे, बास आणि एखादी वरची तार ठेवायची. म्हणजे कमी वाजवायचं, जे बोटं तयार असताना महाकठीण असतं.

मला हे पुस्तकातून नाही कळलं. एकदा एका मैत्रिणीच्या गाण्याला साथ करत होतो, घरी मेट्रोनोम, म्हणजे मात्रा मोजणारं यंत्र, लावून घोटून घोटून बसवलं होतं, एक स्वर चुकला नाही माझा, आणि दुसऱ्या कडव्यानंतर ती थांबली नि म्हणाली, "तू मला श्वास घेऊ देत नाहीयेस." ओळ संपली की मी लगेच पुढच्या कॉर्डवर, ती अर्धी मात्रा मागे, मग धावत मला गाठणार, असं गाणंभर चाललेलं आणि मला पत्ताच नाही. त्या रात्री हा अल्बम परत लावला आणि टेरीचा आवाज सोडून फक्त अल्मेडाचा अंगठा, म्हणजे खालच्या तारा, ऐकला. तेव्हा कुठे कळलं की ओळींच्या मधल्या जागाही वाजवाव्या लागतात, तोवर मी त्या मोजत होतो नुसत्या.

आणि रेकॉर्डिंगबद्दल बोललंच पाहिजे. एवढ्या हळू वाद्याला मोकळ्या आवाजाशेजारी बसवायचं म्हणजे माइकवाल्याची परीक्षा, आणि ४ मे १९५९ ला पहिल्यांदाच ग्रॅमी दिली गेली तेव्हा क्लासिकलमधल्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचं बक्षीस याच अल्बमला मिळालं, इंजिनियर शेरवुड हॉल. कुठल्यातरी अवाढव्य सिम्फनीला नाही, तर एका गिटारीला आणि तिच्या दोन सोबत्यांना. मला याचं अजून बरं वाटतं, का ते माहीत नाही.

तर ऐकताना एवढंच करा, पहिल्यांदा आपलं सरळ ऐका, गाण्याच्या मागे जायचं तर जा. दुसऱ्यांदा हेडफोन लावून फक्त खालच्या तारांकडे लक्ष ठेवा, जमणार नाही, मन सारखं आवाजाकडे पळेल, ते पळू दे, परत आणा. एकट्या गिटारचे सोलोच हवे असतील तर स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हिया आहेच, तो कुठे पळून जात नाही.